नमायचे कोणापुढे?

बालाघाटहून बैहरकडे निघाले की मैकल डोंगरांचा चढ सुरू होतो आणि त्या वाटेवर उकवा लागते. बाहेरच्या जगाला हे गाव माहीत आहे ते मँगनीजमुळे. नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉइल या सरकारी कंपनीची भूमिगत खाण इथे आहे आणि भोवतालचा मुलूख गोंड-बैगांचा आहे. याच डोंगररांगेत, उकव्याच्या ईशान्येला, तेव्हाच्या मंडला आणि आताच्या दिंडोरी जिल्ह्यातल्या करंजिया गावाजवळ १९३२ साली दोन तरुण येऊन राहिले. एक ऑक्सफर्डमध्ये शिकलेला इंग्रज धर्मगुरू व्हेरियर एल्विन, दुसरा महाराष्ट्रातला ख्रिस्ती तरुण शामराव हिवाळे. गोंडांमध्ये काम करा, हे त्यांना सुचवले होते वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी. दोघांनी मातीच्या झोपड्यांत राहून शाळा काढल्या, औषधपाणी केले, कुष्ठरोग्यांना आसरा दिला, आणि हे सगळे कुणालाही धर्मांतराचा आग्रह न करता. एल्विन पुढे जगप्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञ झाले. हिवाळ्यांचे नाव मात्र मराठी वाचकांनीही फारसे ऐकलेले नसते.

ख्रिस्ती श्रद्धेतल्या नम्रतेचे एक ठरीव चित्र आपल्या मनात असते आणि हे दोघे त्यात बसत नाहीत. झुकलेली मान, मिटलेले ओठ, एका गालावर बसली की पुढे केलेला दुसरा गाल. श्रद्धाळू माणूस त्या चित्राने भारावतो, आणि टीकाकार म्हणतो, बघा, हा धर्म माणसाला वाकायला शिकवतो. दोघांचीही नजर एकाच चित्रावर खिळलेली असते. माझ्या मते ते चित्रच सदोष आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथ माणसाला सोडायला सांगतो ती त्याची वरची पायरी, त्याचा मानपान, इतरांपेक्षा आपण उजवे असल्याची खात्री. बुद्धी, आवाज आणि सदसद्विवेक त्याच्याकडेच राहावेत अशी अपेक्षा असते. म्हणूनच देवापुढे खरोखर मान टेकवलेला माणूस माणसांच्या सत्तेला सहसा डोईजड जातो. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात याचे ठसठशीत पुरावे आहेत. त्याच इतिहासात उलट बाजूचे पुरावेही आहेत आणि ते झाकून चालणार नाही.

आधी मूळ वचनांकडे पाहू. ख्रिस्ती नम्रतेची सगळी इमारत ज्या मजकुरावर उभी आहे तो प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येतो. पौल तेव्हा कैदेत होता. फिलिप्पै ही मासेदोनियातली रोमन वसाहत. निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली, त्यामुळे हुद्दे, पदव्या आणि मानाच्या पायऱ्या यांचे वेड असलेली. अशा गावातल्या मंडळीला पौल सांगतो की ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा असूनही त्या बरोबरीला चिकटून राहिला नाही; तो दास झाला, आणि क्रुसावरचे मरण येईपर्यंत खाली उतरत गेला. क्रूस ही त्या काळी गुलामांना आणि बंडखोरांना देण्याची शिक्षा होती, रोमन नागरिकाला ती सहसा दिली जात नसे. शहरातले प्रतिष्ठित लोक एकेक पायरी वर चढण्यासाठी आयुष्य घालवत होते आणि इथे त्यांचा देव एकेक पायरी उतरत होता. या मजकुरात एक बारकावा आहे. जो उतरतो तो वरून उतरतो आणि आपखुशीने उतरतो. आधीच तळाशी दाबून ठेवलेल्या माणसाला आणखी खाली ढकलण्याचा परवाना या ओळींतून निघत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायात हेच प्रत्यक्ष घडताना दिसते. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. धुळीच्या वाटांनी आलेल्या पाहुण्यांचे पाय धुणे हे घरातल्या सर्वांत खालच्या नोकराचे काम. पेत्राला ते सहन होत नाही. तो पाय मागे घेतो, कारण गुरूच खाली बसला तर वर-खालीची सगळी उतरंडच कोसळते. पण चित्रकारांनी ज्याकडे फारसे पाहिले नाही तो भाग पुढे आहे. पाय धुऊन झाल्यावर येशू आपली वस्त्रे घालून पुन्हा जागेवर बसतो आणि म्हणतो की तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. आपण लहान असल्याचे नाटक तो करत नाही. आपण कोण आहोत याची पक्की जाणीव असलेला माणूसच इतक्या सहज खाली बसू शकतो. ज्याला आपल्या जागेची धास्ती असते त्याला खुर्ची सोडवत नाही, मग ती खुर्ची पंचायतीतली असो की मंडळीच्या कमिटीतली.

अहंकार नेमका कुठे लपतो याबद्दलही हा ग्रंथ सावध आहे. लूकच्या अठराव्या अध्यायात परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आणि जकातदार यांचा दाखला येतो. परुशी खोटे बोलत नाही. तो खरेच उपास करतो, खरेच दशमांश देतो. चूक इतकीच की प्रार्थना करतानाही त्याचा एक डोळा शेजारच्या जकातदारावर असतो. त्याचे पुण्य तुलनेवर उभे आहे. आता कल्पना करा की हा दाखला ऐकून एखादा म्हणाला, बरे झाले देवा, मी त्या परुश्यासारखा नाही. झाला तोही परुशी! नम्रतेचाही अभिमान होऊ शकतो, त्यागाचाही होऊ शकतो. पौल तर करिंथकरांना लिहिताना सांगतो की एखाद्याने सगळी मालमत्ता वाटून टाकली आणि स्वतःचा देहही अर्पण केला, पण प्रीती नसली तर त्याचा काही उपयोग नाही. हे वाक्य धर्मग्रंथात असावे याचे आश्चर्य वाटते, कारण धर्मसंस्थांना त्याग हवाहवासा असतो आणि इथे तर त्यागाचीच झडती घेतली आहे. हा त्याग कशासाठी केलास? समोरच्यासाठी, की स्वतःच्या पुतळ्यासाठी?

अहंकार सोडणे आणि प्रेम करणे या दोन गोष्टी ख्रिस्ती विचारात एकत्र येतात त्या इथे. आपली किंमत आपणच मिळवायची आणि टिकवायची असेल तर शेजारी हा कायम प्रतिस्पर्धी राहतो, किंवा माझ्या चांगुलपणाचे साधन तरी होतो. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की ही किंमत देवाने आधीच देऊन टाकली आहे, कमाई म्हणून नव्हे, कृपा म्हणून. हिशेबाची वही एकदा मिटली की समोरचा माणूस प्रथमच नीट दिसू लागतो. पाचव्या शतकात ऑगस्टीनने गर्वाला सगळ्या पापांचे मूळ म्हटले ते याच कारणाने. गर्विष्ठ माणूस स्वतःपाशी वळून अडकतो, त्याला दुसरे काही दिसतच नाही. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा ही आज्ञा, जी येशूने जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातून उचलली, ती स्वतःवरचे प्रेम गृहीत धरूनच सांगितलेली आहे. स्वतःचा द्वेष करा असे ती म्हणत नाही.

मग झुकलेल्या मानेचे चित्र आले कुठून? सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली तिच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत. पहिली देवाच्या भयाची, पण तिसऱ्या पायरीवरच मठातल्या वरिष्ठाच्या आज्ञेत राहणे येते. मठात ते समजण्यासारखे आहे, कारण तिथे माणूस स्वतःहून जातो आणि वरिष्ठालाही तीच नियमावली बांधून ठेवते. घोटाळा झाला तो ही वचने मठाच्या भिंतीबाहेर पडल्यावर. देवापुढची शरणागती हळूच वरिष्ठापुढची, जमीनदारापुढची, नवऱ्यापुढची शरणागती झाली. अमेरिकेच्या दक्षिणेत मळेवाल्यांनी गुलामांना पौलाच्या नावावरची आज्ञापालनाची वचने पाठ करायला लावली. तिथून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ साली आपल्या आत्मकथनाला परिशिष्ट जोडून बजावले की मालकांचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. डग्लस धर्म नाकारत नव्हता, मालकांनी बळकावलेला धर्म परत मागत होता.

आपल्याकडे हे अंतर सर्वांत लख्ख ओळखले ते पंडिता रमाबाईंनी. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या. लंडनजवळच्या फुलहॅममध्ये या जोगिणी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवत होत्या, तो त्यांनी पाहिला. अशा स्त्रियांना कुणी मायेने जवळ घेऊ शकते हे त्यांना नवे होते. संस्कृत शास्त्रे कोळून प्यालेल्या बाईने विचारले, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. युक्तिवादाने जे झाले नसते ते त्या दृश्याने झाले, असे रमाबाईंच्याच साक्षीवरून दिसते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि त्यांच्या लहानग्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला.

पुढे जे घडले ते या लेखाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे. रमाबाई बाप्तिस्म्यानंतर गप्प बसल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल त्यांनी प्रश्न विचारले. मठाने दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, मला आणि माझ्या देशबांधवांना कळणारे संस्कृत का नको, असे विचारले. शाकाहार सोडला नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी आक्षेप घेतला तेव्हा त्यांनी तोही मान्य केला नाही. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना हे सगळे गर्वाचे लक्षण वाटले. या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे आणि तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. गर्व हा शब्द तिथे वरचा माणूस खालच्याबद्दल वापरतो. रमाबाईंचे उत्तर थोडक्यात असे की मी भटभिक्षुकांचे जोखड नुकतेच मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे घेणार नाही. माझ्या विवेकाला उत्तर द्यायचे ते देवाला. मला तरी या भांडणात नम्र बाजू रमाबाईंचीच वाटते. ज्ञानाच्या मक्तेदारीपुढे न वाकण्यासाठी सत्यापुढे वाकलेले असावे लागते.

आणि गंमत अशी की ज्या बाईने बिशपांना जुमानले नाही तीच पुढे म्हणते की इंग्लंडमध्ये मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपण खरी शरणागती पत्करली, असे त्यांनी १९०७ च्या साक्षीत सांगितले आहे. या शरणागतीचे फळ काय? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळत होता. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण वीस वर्षांपूर्वी अशाच दुष्काळात गेली होती. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा यांना गोळा करून पुणे जिल्ह्यात घेऊन आल्या. केडगावचे मुक्ति सदन त्यांतूनच उभे राहिले. त्याआधीचे त्यांचे शारदा सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते. दुष्काळाने आणलेल्या मुली सगळ्या जातींच्या होत्या. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हणून गौरवले ती बाई आता त्या मुलींच्या उवा, खरूज आणि भूक यांच्याशी झुंजत होती. उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणले, तेही अल्पशिक्षित बायांना कळेल अशा साध्या मराठीत. त्यांचे निधन ५ एप्रिल १९२२ रोजी झाले. भाषांतर छापून पूर्ण झाले ते १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात. पांडित्य त्यांनी टाकून दिले नव्हते. ते कुणाच्या कामी लावायचे हे बदलले होते.

दुसरा साक्षीदार रेव्हरंड नारायण वामन टिळक, आणि त्यांची गोष्ट उकव्याच्या अंगणातून जाते असे म्हटले तरी चालेल. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. ही गाडी बालाघाटच्या दक्षिणेला असलेल्या गोंदियावरून जाते. डब्यातल्या एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा जमल्या. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या सहप्रवाशाचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. पण टिळक ख्रिस्ताकडे पोहोचले ते आपल्याच वाटेने. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. इथे एक रास्त आक्षेप येतो. मीपण सोडा, लहान व्हा, हे तर वारकऱ्यांनी शतकानुशतके सांगितले. मग त्यासाठी बाहेरचा धर्म कशाला? टिळकांच्या पुलाच्या रूपकातच याचे उत्तर आहे. पूल खोटा असता तर पलीकडे जाता आले नसते. नम्रतेवर ख्रिस्ती धर्माची मालकी नाही. त्याचे वेगळेपण आहे ते एका दाव्यात, की देव स्वतः इतिहासात गुलामाच्या मरणापर्यंत उतरला आणि म्हणून देव शोधायचा तर खालच्या दिशेने शोधावा. हा दावा कुणी मानावा, कुणी मानू नये. पण भक्तीच्या परंपरेचा त्यात अवमान नाही.

टिळक बाप्तिस्म्याने साधू झाले नाहीत. त्यांचा रागीटपणा, लहर लागली की घर सोडून जाणे, पैशाचा बेहिशेब हे सगळे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त हसत-हसवत लिहून ठेवले आहे. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेले हे पुस्तक ख्रिस्ती नम्रतेवरचा मराठीतला सर्वांत प्रामाणिक ग्रंथ आहे असे माझे मत आहे, जरी त्याचा तो विषय नाही. कारण त्यात नवऱ्याच्या धर्मांतराची किंमत बायकोने मोजलेली दिसते. टिळकांनी घरी न सांगता बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंची कित्येक वर्षे ताटातुटीत, अपमानात आणि आजारपणात गेली. अहंकार अर्पण केला टिळकांनी, जळली लक्ष्मीबाई, असे कुणी म्हटले तर ते खोडून काढता येत नाही. पण त्याच पुस्तकात लक्ष्मीबाईंची स्वतःची वाटही आहे. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. मग एक दिवस जात देवाने केली की माणसांनी, याचा त्यांनी स्वतःशी विचार केला आणि कुणाच्याही हातचे खायचे असे ठरवून टाकले. कुणी हुकूम केला नव्हता, पाळकाने समजूत घातली नव्हती. त्यानंतर त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. नगर भागात प्लेगच्या साथीत हे दोघे रोग्यांच्या सेवेत राहिले. सोवळ्यातल्या बाईने अनोळखी जातीच्या माणसाच्या हातचे पाणी पिणे, फिलिप्पैकरांच्या पत्रातला उतार मराठी घरात याहून वेगळा कसा दिसणार?

टिळकांची स्वतःची कसोटी लागली ती शेवटी. अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे संपादन, उपासना-संगीतात शेकड्यांनी पदे लिहिणारा कवी म्हणून मान, हे सारे हाती असताना १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायचा त्यांनी प्रयत्न केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत अशी कल्पना होती. परदेशी पैसा आणि परदेशी अधिकार यांखाली हिंदी मंडळी कायम शेपटासारखी राहणार, ही त्यांची तक्रार जुनीच होती. म्हणजे इथेही तेच: मालमत्ता आणि मान यांबाबत माणूस खाली उतरला आणि त्याच पावलाने सत्तेपासून मोकळा झाला. ९ मे १९१९ रोजी ते वारले, दरबार फार वाढला नाही. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी साठहून अधिक अध्याय लिहून पुरे केले. अक्षरओळख लग्नानंतर झालेल्या बाईने नवऱ्याचे महाकाव्य पुरे करावे, हा शेवट कोणत्याही प्रवचनकाराला सुचला नसता.

आता आक्षेपांकडे. नीत्शेने १८८७ साली लिहिले की नम्रता हा दुबळ्यांचा डाव आहे; ज्यांना सूड घेता येत नाही ते आपल्या असहायतेला क्षमा म्हणतात आणि लाचारीला नम्रता. हा आरोप पुष्कळदा खरा असतो. मनातल्या मनात दात खात वरवर हात जोडणारी माणसे कोणत्या धर्मात नाहीत? पण रमाबाई किंवा टिळक यांना तो लागू होत नाही, कारण त्यांच्याकडे सोडण्यासारखे खूप होते आणि ते त्यांनी सोडले. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो धर्माच्या आतून आला. १९६० साली व्हॅलेरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासिकेने दाखवून दिले की गर्व हेच मूळ पाप, ही मांडणी पुरुषांच्या अनुभवातून आलेली आहे. बाईचा धोका बहुधा उलटा असतो: इतरांसाठी विरघळत विरघळत तिचे स्वतःचे असे काही उरतच नाही. तिला आणखी स्वतःला विसर असे सांगणे म्हणजे रोग्याला रोगाचीच गोळी देणे. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. वरून उतरणाऱ्याला सांगितलेली गोष्ट तळाशी असलेल्याला सांगता येत नाही. तळाशी असलेल्याला येशूने वेगळेच सांगितलेले दिसते: ऊठ, आपली बाज उचल, चालू लाग. शोमरोनी स्त्रीला त्याने गप्प बसवले नाही. ती गावात जाऊन बोलू लागली.

तिसरा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, आणि मराठी ख्रिस्ती समाजाला तो आजही चुकवता येत नाही. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर त्यांनी लिहिले तेव्हा त्यांचा मुख्य सवाल असा होता की धर्मांतराने आत्म्याची सोय झाली असेल, पण अन्यायाविरुद्ध लढण्याची उर्मी का जागी झाली नाही? धर्मांतरित माणूस सामाजिक दुःखाचे मूळ आपल्याच पापात शोधू लागला तर व्यवस्था निर्धास्त राहते. नम्रतेच्या शिकवणीने पीडिताला शांत केले आणि चर्चमधल्या उच्चवर्णीय वारशाला धक्का लावला नाही, हे बऱ्याच ठिकाणी घडले. तमिळनाडूत दलित ख्रिस्ती लोकांसाठी वेगळ्या दफनभूमी राहिल्या. २०१६ साली भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद असल्याचे कबूल केले. म्हणजे उतरायचे ज्यांनी ते वरच राहिले आणि उतरण्याचा उपदेश खालच्यांना झाला. यात शिकवण नीट पाळली गेली, असे म्हणता येत नाही. ती उलटी केली गेली.

आणि म्हणून पुन्हा करंजियाकडे यायला हवे. टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ साली लिहिले ते जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने. टिळकांच्या आदर्शाने प्रभावित होऊन त्याने १९२२ साली अहमदनगरला ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम काढला, जो पुढे पुण्याला गेला. गोरे आणि हिंदी इथे एका पंगतीत, एका छपराखाली राहत. एल्विन १९२७ मध्ये या संघात आले आणि इथेच त्यांना हिवाळे भेटले. राजनांदगावच्या गाडीत सुरू झालेली ओळ अशी नगर, पुणे करत पुन्हा मैकल डोंगरात आली. एल्विननी इंग्रज राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला, नागपूरच्या बिशपांशी त्यांचे फाटले, आणि १९३५ साली ते चर्चमधून बाहेर पडले. कुणी विचारेल, श्रद्धा सोडल्यावरही तेच काम चालू राहिले, तर मग श्रद्धेचे श्रेय कशाला? प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर इतकेच की श्रद्धेने त्यांना त्या झोपडीपर्यंत आणले ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे, आणि तिथे टिकण्यासाठी एल्विनना ती लागली नाही हीसुद्धा आहे. एल्विन संतही नव्हते. कोसी या गोंड मुलीशी त्यांनी १९४० मध्ये लग्न केले आणि काही वर्षांनी ते मोडले. त्या मोडण्यात तिचे काय झाले याची चर्चा त्यांच्या कीर्तीच्या मानाने फारच कमी झाली.

हिवाळे मात्र तिथेच राहिले. एल्विन ईशान्य भारतात गेल्यावरही ते मंडल्याच्या पाटणगढ परिसरात गोंड-परधानांमध्ये राहिले. १९४६ साली त्यांची दोन पुस्तके आली. एक एल्विनवर, दुसरे नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधान या गायक-भाटांच्या जमातीवर. ज्या पाटणगढला त्यांनी आपले मानले त्याच गावात १९६२ साली जनगढसिंह श्याम यांचा जन्म झाला, ज्यांच्यामुळे परधानांची चित्रकला पुढे जगभर गेली. जमातीवर जमेल तितके लिहायचे, पण त्यांच्या गाण्यांच्या जागी आपली भजने बसवायची नाहीत, ही शिस्त धर्मप्रचारकाला सोपी नसते. हिवाळ्यांनी ती पाळली.

२८ मार्च २०१३ रोजी, पोपपदावर येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते तेव्हा, फ्रान्सिस यांनी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीचा पाय धुण्याचा विधी रोमच्या बालसुधारगृहात केला. त्या बारा तरुणांत मुली होत्या, मुस्लिमही होते. तोवर हा विधी बहुतेक ठिकाणी पुरुषांच्याच पायांवर होत असे. दर वर्षी त्या गुरुवारी आपल्याकडच्या कॅथलिक देवळांतही तो होतो. पाण्याचे घंगाळ, पांढरा टॉवेल, बारा जणांची रांग. बारा जणांच्या यादीत नाव यावे म्हणून काही ठिकाणी रस्सीखेच होते, असे ऐकू येते. ते खरे असेल तर येशूच्या शिष्यांनीही शेजारच्या जागांसाठी अशीच मागणी केली होती, इतकेच समाधान. ती यादी बनवणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. खुर्चीवर यंदा मंडळीच्या कमिटीतले कुणी नको. देऊळ झाडणारी बाई, दफनभूमीत खड्डे खणणारा माणूस, उकव्याच्या खाणीत कंत्राटावर उतरणारा मजूर, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, यांना बसवा. आणि विधी संपल्यावर त्यांना मागच्या दाराने जाऊ देऊ नका. कमिटीच्या पुढच्या बैठकीला बोलवा आणि मत विचारा.